काट्यावर फक्त वजन येतं

प्रति,
आरोग्य विभाग, पुणे महानगरपालिका
आणि शहरातली डायलिसिस केंद्रं चालवणारे विश्वस्त, व्यवस्थापक व किडनीविकारतज्ज्ञ

विषय : रुग्णाच्या फाइलमधल्या एका चुकीच्या शब्दाबाबत

सप्रेम नमस्कार.

मी मुद्रितशोधक आहे. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांकडे आणि छापखान्यांत ३१ वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. गेली साडेचार वर्षं सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा सकाळच्या पहिल्या शिफ्टला डायलिसिस घेतो. एका हातात दोन सुया, दुसरा हात मोकळा, असे चार तास काढायचे असतात. मोकळ्या हाताने माणूस किती वेळ मोबाइल बघेल? मी माझी फाइल वाचतो. सवय आहे ती, जात नाही.

फाइल उत्तम ठेवलेली आहे. पुणेकर असूनही आधी चांगलं सांगतोय, याची नोंद घ्यावी. आल्याआल्या वजन, जाताना वजन. दर अर्ध्या तासाने बीपी. किती पाणी काढलं, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन किती दिलं, फिस्टुला (सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) कसा चालतोय. दर महिन्याला हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस. ठरावीक महिन्यांनी कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्या. हिशेब केला तर आजवर सातशेच्या आसपास डायलिसिस झाली. म्हणजे चौदाशे वेळा मी त्या काट्यावर उभा राहिलो आणि चौदाशे वेळा कुणीतरी आकडा लिहून घेतला.

या चौदाशे वेळांत ‘मनाचं कसं काय चाललंय’ असं मला एकदाच विचारलं गेलं. तेही केंद्राच्या माणसाने नाही. समाजकार्य शिकणारी एक मुलगी क्षेत्रकार्यासाठी तीन आठवडे येत होती, तिने विचारलं, “काका, रात्री झोप लागते का? आणि नाही लागली तर काय विचार येतात?” मी म्हटलं, “मस्त चाललंय.” साफ खोटं. पण विचारलं तर होतं. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तिच्या पुन्हा विचारण्याची वाट बघत होतो.

आता चुकीच्या शब्दाकडे येतो.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक रिक्षावाले होते. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, म्हणून ते मला ‘दादा’ म्हणायचे. एकदा त्यांनी स्वतःची फाइल माझ्यापुढे धरली. “दादा, तुमचं वाचनाचं काम ना? हे इथं काय लिहिलंय सांगा.” डॉक्टरी अक्षर होतं, पण लागलं. ‘नॉन-कम्प्लायंट’. मी म्हटलं, “म्हणजे सांगितलेलं ऐकत नाही.” ते मोठ्याने हसले. “बायको पण हेच म्हणते. तिने कुठं शिकलं इंग्रजी!”

त्यांचं वजन दोन डायलिसिसच्या मधे चार-चार, पाच-पाच किलो वाढायचं. आमच्यात हा मोठा गुन्हा आहे. लघवी होत नाही, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. दिवसाला जेमतेम लिटरभर, आणि त्यात चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचं पाणी सगळं आलं. पाच किलो चार तासांत काढायचं म्हणजे पायात गोळे येतात, बीपी पडतं, माणूस पिळलेल्या फडक्यासारखा होतो. म्हणून काट्यावर आकडा दिसला की सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात प्रश्न यायचा, “किती पाणी प्यायलात? मरायचंय का?” दहा खुर्च्यांवरची दहा डोकी वळायची. रिक्षावाले मान खाली घालून हसायचे.

एकदा मशीन लागल्यावर ते हळूच मला म्हणाले, “दादा, फिस्टुलाचा हात, रिक्षा शिफ्टवर दुसऱ्याला दिलीय. खायचं काय ते तक्ता ठरवतो, उठायचं कधी ते मशीन ठरवतं. रात्री माठातलं तांब्याभर पाणी प्यायलो की वाटतं, एक गोष्ट तरी मी माझ्या मनाने केली.”

हे वाक्य फाइलमध्ये कुठे लिहिणार? त्याला रकाना नाही. ‘नॉन-कम्प्लायंट’ला आहे.

पुढे त्यांनी अधूनमधून शुक्रवार चुकवायला सुरुवात केली. मग ‘तीनच तास ठेवा, काम आहे’ म्हणायला लागले. काम काही नव्हतं. मग एका सोमवारी आले नाहीत. बुधवारी त्यांच्या खुर्चीवर दुसरे गृहस्थ बसलेले होते. केंद्रातून कुणी फोन केला नव्हता. मी केला. वहिनी म्हणाल्या, “ते नको म्हणतात. मी काय करू, तुम्हीच सांगा भाऊ.” मला काही सांगता आलं नाही. आठव्या दिवशी रात्री दम लागला म्हणून त्यांना दाखल केलं. ते परत आले नाहीत.

त्यांना नैराश्याचा आजार होता का, हे मी सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही. पण कुणी विचारलंच नाही, त्यामुळे आता ते कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या धंद्यात याला मुद्रणदोष म्हणतात. जागा बरोबर होती, तिथे काहीतरी लिहिणं गरजेचंही होतं. शब्द मात्र चुकीचा पडला. आणि प्रूफ वाचणाराने तो तसाच पुढे जाऊ दिला.

डायलिसिसवर असलेल्या माणसांत नैराश्य किती असतं, याचे अभ्यास जगभर झालेले आहेत. नीट मुलाखती घेऊन निदान केलं, तर साधारण चार-पाच जणांत एक. आमच्या दहा खुर्च्यांत म्हणजे दोन. तुमच्या केंद्रात किती खुर्च्या आहेत आणि दिवसाला किती शिफ्ट चालतात, त्यावरून हिशेब तुम्हीच करा.

आणि हे सापडत का नाही, तेही सांगतो, कारण मी स्वतः त्यातून गेलोय. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दिवाळी अंकांची घाई होती. एका अंकाचं १६० पानांचं प्रूफ घरी आलं. मी ओळ वाचायचो आणि ओळीच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेलो असायचो. तीन दिवसांत नऊ पानं झाली. आयुष्यात पहिल्यांदा काम परत पाठवलं. झोप नाही, भूक नाही, सकाळी उठवत नाही. बायकोने डॉक्टरांना सांगितलं, “हे बोलतच नाहीत हल्ली.” डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. हिमोग्लोबिन ८.९. “अशक्तपणा आहे, इंजेक्शन वाढवू.” वाढवलं. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.८ झालं आणि मी तसाच गप्प.

त्यात डॉक्टरांना दोष कसा देणार? थकवा, झोप न लागणं, अन्नावरची वासना उडणं, कशात लक्ष न लागणं ही किडनीच्या आजाराचीही लक्षणं आहेत आणि नैराश्याचीही. दोन आजार एकच सदरा घालून फिरतात. बघणारा ज्या आजाराचा डॉक्टर, त्याला तोच आजार दिसतो. दुसरा आहे का हे कळायला विचारावं लागतं, दुसरा मार्ग नाही. त्याची रक्ततपासणी नसते.

मला विचारलं ते आमच्या पेठेतल्या जुन्या डॉक्टरांनी. लहानपणापासून ओळखतात. सर्दीसाठी गेलो होतो. ते म्हणाले, “शेवटचा मनापासून कधी हसलास रे?” मी आठवत बसलो. बराच वेळ बसलो. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, मनोविकारतज्ज्ञांच्या नावाची.

ती चिठ्ठी मी सहा आठवडे खिशात घेऊन फिरलो. येरवड्याला मनोरुग्णालय आहे, म्हणून या गावात ‘येरवड्याला पाठवा याला’ हा विनोद मी शाळेपासून ऐकत आणि करत आलोय. आता पाळी माझी होती. गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर तोंडासमोर पेपर धरून बसलो, आणि समोरच्या बाकावर आमच्याच सोसायटीतले एक निवृत्त बँक अधिकारी तोंडासमोर दुसरा पेपर धरून बसलेले होते. आम्ही दोघांनी आजतागायत त्याचा विषय काढलेला नाही. मात्र हल्ली जिन्यात भेटलो की जरा जास्त वेळ थांबतो.

गोळी सुरू झाली, बोलणं सुरू झालं. गोळीचं प्रमाण ठरवण्यासाठी त्यांनी माझ्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. माझ्या आजारपणात माझे दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले, असा तो एकमेव फोन. सात-आठ आठवड्यांनी एका सकाळी मशीनवर असताना भिंतीवरच्या पाटीतली शुद्धलेखनाची चूक मला खटकली. तेव्हा कळलं, मी परत आलोय.

आता तुम्ही म्हणाल, तुमचं झालं ना बरं? झालं. पण ते पेठेतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांमुळे झालं, व्यवस्थेमुळे नाही. रिक्षावाल्यांना तसे डॉक्टर नव्हते. त्यांना फक्त तुम्ही होता. आठवड्यातले बारा तास.

त्या शिकाऊ मुलीने मला एक गोष्ट शिकवली होती. तिच्या वहीत लाझारस आणि फोकमन अशी दोन नावं होती, १९८४ सालची. संकट आलं की माणूस दोन तऱ्हांनी त्याला तोंड देतो, ती सांगत होती. एक, अडचणीलाच हात घालून ती सोडवायची. दोन, अडचण सुटणारी नसेल तर तिच्यामुळे मनात जे उठतं ते सांभाळायचं. मला हे ऐकताच पटलं, कारण आमच्या केंद्रात पहिल्या तऱ्हेचं शिक्षण भरपूर मिळतं. भाज्या चिरून, उकळून, पाणी टाकून द्या. केळं नको, नारळपाणी तर नकोच. मीठ मोजून. फिस्टुलाच्या हाताने ओझं उचलायचं नाही, त्या हाताला बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही. सगळं खरं, सगळं गरजेचं. पण किडनी काही परत येत नाही. जी अडचण सुटणारच नाही तिच्यासोबत दिवस कसा काढायचा, हा धडा अभ्यासक्रमात नाही. तो आम्ही एकमेकांच्या वह्यांत बघून उतरवतो.

आणि काय काय उतरवतो! हॉलमध्ये एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्या घड्याळाकडे पाठ येईल अशीच खुर्ची मागतात. एक जण बर्फाचे छोटे खडे करून ठेवतो आणि तहान लागली की एकच खडा जिभेवर धरतो. म्हणतो, पाणी पिण्यापेक्षा पाण्याची वाट बघण्यात जास्त वेळ जातो. किराणा दुकानदार आहेत एक, ते मशीनला ‘सासूबाई’ म्हणतात. अलार्म वाजला की “बघा, कुरकुर सुरू झाली” म्हणून सगळ्यांना हसवतात. ज्यांचं नाव किडनी प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत आहे ते फोन कधीच सायलेंटवर ठेवत नाहीत, आंघोळीला जाताना बादलीशेजारी ठेवतात.

एक आजी आहेत. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अठरा वाऱ्या केलेल्या. डायलिसिस लागलं त्या वर्षी आषाढात त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच तोडगा काढला. पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी फर्ग्युसन रस्त्यावरच्या तुकाराम पादुका चौकापासून खंडोजीबाबा चौकापर्यंत पालखीबरोबर चालायचं. सव्वा-दीड किलोमीटर असेल. मधे दोनदा बसतात. शिफ्ट आड येत असली तर महिनाभर आधीपासून सिस्टरच्या मागे लागून बदलून घेतात. “वारी मोडली नाही, आखूड झाली,” असं म्हणतात. या आजींना कुणी समुपदेशन केलं नव्हतं. पण सगळ्यांना स्वतःची वारी आखूड करता येत नाही. काहींची तुटतेच, आणि तुटल्याचं ते कुणाला सांगत नाहीत.

सगळेच उपाय चांगले असतात असंही नाही. आमच्यातल्या एकाने मुलीच्या सासरी आजाराची गोष्ट तीन वर्षं लपवली. फिस्टुला दिसू नये म्हणून भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. पहिले काही महिने ‘मला काही झालेलं नाही’ असं मनाला समजावणं कदाचित उपयोगीही पडत असेल, माणूस कोसळण्यापासून वाचतो. पण तीन वर्षं? लपवण्यातच त्याची निम्मी ताकद जायची. आणि कुणी तंबाखूकडे वळतो, कुणी घरात ताटं फेकतो.

यावर आम्हाला बाहेरून मिळणारं औषध एकच. ‘पॉझिटिव्ह राहा.’ भेटायला येणारा प्रत्येक जण हे सांगतो आणि जाताना फिस्टुलाकडे बघून तोंड वेंगाडतो. एकतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे आणि अर्थाने रिकामं. उलट ते ऐकल्यावर ज्याला वाईट वाटतंय त्याला वाईट वाटल्याचीही लाज वाटायला लागते. आमच्या वर्तुळात तर ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की आधी काविळीचा रिपोर्ट आठवतो, ते वेगळंच.

घरच्यांबद्दल थोडं लिहायला हवं. माझी बायको चार तास बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. साडेचार वर्षांत तिने तिथे किती स्वेटर विणले त्याचा हिशेब नाही. बाहेर बसणाऱ्या बायकांची एक वेगळीच शिफ्ट असते, आणि त्यांचं वजन कुणी करत नाही. या शहराला हे नवीन नाही खरं तर. १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाइतकंच त्याच्या बायकोलाही बोलतं करावं लागतं हे ओळखलं, तिथे ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरच्यांना एकत्र आणण्याचं काम याच शहरात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने केलं. कंपवाताच्या रुग्णांचं मित्रमंडळही इथेच आहे. पुण्याला गट स्थापन करायला सांगावं लागत नाही, तीन पुणेकर जमले की चौथ्याला अध्यक्ष करतात. मग बाहेरच्या त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांना महिन्यातून एकदा गोलात मांडायला कुणाची परवानगी लागते?

कायद्याचं म्हणाल तर तो आमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १८व्या कलमाने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांमधून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. २१वं कलम म्हणतं, मानसिक आजाराच्या माणसाला शारीरिक आजाराच्या माणसाच्या बरोबरीने वागवा. आमच्याकडे तर दोन्ही आजार एकाच खुर्चीवर बसतात, बरोबरी करायला लांब जायलाही नको. पण २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ते १२ राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता. म्हणून आपल्याकडे सगळं ठीक असेल, असं समजायला मी काही माझ्या शहराचा एवढा भक्त नाही.

आता मागणं. ते मोठं नाही.

दर महिन्याला रक्त घेता त्याच दिवशी दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती वेळा झालं? उदास किंवा निराश किती वेळा वाटलं? पीएचक्यू-२ नावाची ही प्रश्नावली जगभर वापरात आहे, तिला पैसे पडत नाहीत आणि दोन मिनिटं लागतात. उत्तर काळजीचं आलं तर पुढची नऊ प्रश्नांची आहे, आणि तिच्या पुढे माणूस आहे. तेवढ्यावर निदान होत नाही, हे मलाही कळतं. काट्यावर कुठे निदान होतं? पण काटा आहे म्हणून तुम्हाला पाच किलो दिसतात.

प्रश्न विचारून पुढे काही करायचंच नसेल तर मात्र विचारू नका. म्हणून दुसरं मागणं : प्रत्येक केंद्रात आठवड्यातून निदान एक दिवस समुपदेशक, आणि तो खुर्चीपाशी येणारा. आम्हाला ‘तिसऱ्या मजल्यावर, मंगळवारी, अकरा ते एक’ असं सांगू नका. आधीच आठवड्यातले तीन दिवस गेलेले असतात, चौथा दिवस मन दाखवायला कोण देणार? अमेरिकेत २०१९ साली डायलिसिसच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्यावर सर्ट्रालिनची गोळी बरी की सीबीटी नावाची बोलण्याची उपचारपद्धती, हे त्यांना बघायचं होतं. त्यातलं बोलणं डायलिसिस चालू असताना, खुर्चीपाशी बसून केलं होतं. दोन्हींमध्ये बारा आठवड्यांनी गोळी थोडी सरस ठरली, त्रास मात्र गोळीचा जास्त झाला. मला त्यातलं निकालापेक्षा जागेचं महत्त्व जास्त वाटलं. खुर्चीपाशी बोलता येतं! तिथे तर प्रशिक्षित समाजसेवक असल्याशिवाय डायलिसिस केंद्राला सरकारी विम्याची मान्यता मिळत नाही.

इथे माणसं कुठून आणायची, असं विचाराल. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, पण त्यांचा दिवस योजनेची कागदपत्रं आणि शिधापत्रिकेच्या झेरॉक्स तपासण्यात जातो. त्यांना थोडा वेळ मोकळा करून द्या. कर्वे समाज सेवा संस्था १९६३पासून या शहरात समाजकार्य शिकवते आहे, मानसशास्त्राची महाविद्यालयं आहेत, त्यांच्या विद्यार्थ्यांना तीन आठवड्यांऐवजी वर्षभर द्या आणि वर देखरेखीला एक अनुभवी माणूस ठेवा. आणि तुमच्याकडचे टेक्निशियन. सुई टोचताना आम्ही ज्याच्याशी बोलतो तो तोच असतो. कुणाचं घरी भांडण झालं, कुणाची नोकरी गेली, कुणी ‘आता पुरे’ म्हणालं, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. ते कळल्यावर कुणाला सांगायचं, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नाही.

एखादा आला नाही तर त्याच दिवशी फोन करा. रागवायला नाही. ‘काय झालं’ एवढं विचारायला. वजनाबद्दल रागवायचंच असेल तर खुर्चीजवळ येऊन हळू आवाजात रागवा. आणि नारळपाणी पिऊ नका असं सांगणाऱ्या पाटीच्या शेजारी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक मोठ्या अक्षरात लावा. ऑक्टोबर २०२२पासून ही सरकारी मदतवाहिनी चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या हॉलमध्ये मी चौकशी केली तर दहांपैकी एकालाही हा आकडा माहीत नव्हता. मलाही नव्हता, दुसऱ्या वर्षी.

आणि फाइलमधला तो शब्द. तिथे ‘नॉन-कम्प्लायंट’ लिहायच्या आधी एक ओळ मोकळी सोडा आणि माणसाला विचारून त्याचं उत्तर त्यात लिहा. मराठीत लिहिलं तरी चालेल. रिक्षावाल्यांचं उत्तर मी तुम्हाला वर दिलं आहे, ते एका ओळीत बसत नाही, पण दोन ओळींत बसतं.

त्यांच्या खुर्चीवर आता इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा असतो. त्याला दोन महिने झालेत. येताना कानात हेडफोन घालून येतो आणि जाताना तसाच जातो. परवाच्या शुक्रवारी काट्यावर त्याचं वजन साडेतीन किलो वाढलेलं निघालं. सिस्टरने हॉलभर ऐकू जाईल असं विचारलं, “किती पाणी प्यायलास?” तो काही बोलला नाही. मशीन लागल्यावर मी त्याला विचारलं, रात्री झोप लागते का. त्याने एका कानातला हेडफोन काढला आणि म्हणाला, “मस्त चाललंय काका.”

सोमवारी मी पुन्हा विचारणार आहे.

आपला,
एक रुग्ण
पहिली शिफ्ट, खुर्ची क्रमांक ४

ता. क. : हॉलमधल्या पाटीवर ‘रूग्णांनी मोबाइलवर मोठ्याने बोलू नये’ असं छापलं आहे. ‘रुग्णांनी’ असं हवं, रु ऱ्हस्व. नवी पाटी करणार असाल तर प्रूफ माझ्याकडे पाठवा, पैसे घेणार नाही. त्याच पाटीवर खाली १४४१६ बसतो, जागा मी मोजून ठेवली आहे.